बाणाची काडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्याकडे धनुष्यांना नावं असतात. शंकराचं पिनाक, विष्णूचं शार्ङ्ग, अर्जुनाचं गांडीव. यातली दोन नावं तरी शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. बाणांचं तसं नाही. अस्त्रांना नावं आहेत, पण ती त्या मंत्रांची. ज्या काडीवर मंत्र टाकला, तिचं बारसं कुणी केलेलं नाही. आपण ‘रामबाण’ म्हणतो, तेव्हाही बाणाला मालकाच्याच नावानं ओळखतो. त्यातही एक व्यवहार आहे. धनुष्य जन्मभर हातात राहतं. बाण सुटला की गेला. परत सापडला तर नशीब, आणि सापडला तरी धड असेल याची खात्री नाही.

पण नेम लागण्याच्या दृष्टीनं पाहिलं तर उलट आहे. धनुष्य थोडं डावं असलं, तरी सरावलेला हात ते सांभाळून घेतो. बाणाची काडी मात्र वाकडी, फार लवचीक किंवा फार ताठ असेल, तर कुणाचंही कसब उपयोगाला येत नाही. म्हणून ज्या समाजांचं जगणं आणि राज्य धनुष्यावर अवलंबून होतं, त्यांनी काडी कुठल्या झाडाची घ्यायची याचा फार बारकाईनं विचार केलेला दिसतो. एका देशात तर त्यापायी खडावा करणाऱ्या कारागिरांवर कायद्याचा बडगा उगारला गेला. ती हकीकत पुढं येईलच.

आधी बाणाला करावं काय लागतं, ते पाहू. बाण सरळ जातो, असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो सुटतो तेव्हा वाकतो. दोरीचा सगळा जोर एकाएकी त्याच्या शेपटावर येतो, आणि पुढचं लोखंडी टोक जड असल्यानं चटकन हलायला तयार नसतं. मधल्यामध्ये काडी कमानीसारखी वाकते. शिवाय जुन्या धनुष्यात बाण मुठीच्या मधून जात नाही, बाजूनं जातो. म्हणजे निघताना त्याचं तोंड लक्ष्याकडे नसतंच, किंचित बाजूला असतं. तरीही तो लक्ष्यावर जातो, कारण वाकत वाकत तो मुठीला वळसा घालतो, पाण्यातल्या माशासारखा वळवळत पुढं जातो आणि काही अंतरावर शांत होतो. अमेरिकेतल्या रॉबर्ट एल्मर या डॉक्टरांनी १९३० च्या दशकात या प्रकाराला ‘धनुर्धराचा विरोधाभास’ असं नाव दिलं. त्याच दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं बाणाचं चित्रण केलं, तेव्हा ही वळवळ लोकांना डोळ्यांनी पाहायला मिळाली.

आता ही वळवळ हवी तेवढीच व्हायला हवी. काडी गरजेपेक्षा ताठ असेल, तर उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. जास्त लवचीक असेल, तर उजवीकडे. म्हणजे ‘उत्तम लाकूड’ असं काही सुटं नसतंच. या धनुष्याला, या ओढीला, या टोकाच्या वजनाला कोणती काडी, असा प्रश्न असतो. आणि एक काडी जमून भागत नाही. भात्यातल्या चोवीसही काड्या सारख्या वाकायला हव्यात. नाहीतर प्रत्येक बाणागणिक नेम नव्यानं शिकावा लागेल.

त्यातच लाकडाच्या रेषांचा प्रश्न. झाडाच्या खोडात रेषा उभ्या जातात. काडीतही त्या टोकापासून शेपटापर्यंत सलग जायला हव्यात. मधेच एखादी रेषा तिरपी होऊन बाहेर पडली, की तिथं काडी कच्ची. असा बाण सुटताना मोडला, तर त्याचा अणकुचीदार तुकडा धनुष्य धरलेल्या डाव्या हातात घुसू शकतो. आजही लाकडी बाण वापरणारे जाणते लोक प्रत्येक काडी बोटांत फिरवून, थोडी वाकवून, कानाशी नेऊन तपासतात. जुने कारागीर म्हणून लाकूड करवतीनं कापण्यापेक्षा फोडणं पसंत करत. फोडलेलं लाकूड आपल्या रेषेनंच फुटतं. करवत कुणाचं ऐकत नाही.

हे शहाणपण किती जुनं आहे? जर्मनीत हॅम्बुर्गजवळ स्टेलमूर नावाची जागा आहे. तिथं आल्फ्रेड रुस्ट या संशोधकाला १९३० च्या दशकात बाणांचे सुमारे शंभर तुकडे सापडले. हिमयुगाच्या अखेरीचे, रेनडियर मारणाऱ्या शिकाऱ्यांचे. लाकूड पाइनचं, खोडातून फोडून काढलेलं. काही बाण दोन भागांचे होते. मोडलं तर पुढचं नुसतं टोक बदलायचं, बाकीची काडी वाचवायची. हे तुकडे पुढे दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाले.

दुसरं उदाहरण त्याहून प्रसिद्ध आहे. १९९१ मध्ये इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचं शव सापडलं. त्याला ‘ओत्झी’ म्हणतात. त्याच्या भात्यात चौदा बाण होते, त्यातले पुरे झालेले फक्त दोन. बाकीच्या बारा नुसत्या काड्या, रानातल्या व्हायबर्नम नावाच्या झुडपाच्या सरळ फोकांच्या. पुऱ्या झालेल्या एका बाणाला पुढं कॉर्नेल या दुसऱ्या, टणक झाडाचा तुकडा जोडलेला होता. धनुष्यही अर्धवट घडवलेलं, यू झाडाचं. म्हणजे हा गृहस्थ मेला तेव्हा त्याचं सगळं शस्त्रसाहित्य घडवणं चालू होतं. त्याच्या डाव्या खांद्यात रुतलेलं गारगोटीचं बाणाचं टोक २००१ मध्ये क्ष-किरणांत दिसलं. ज्यानं तो बाण मारला, त्याची तयारी पुरी झालेली होती, एवढं खरं.

आता आपल्याकडे येऊ. संस्कृतात बाणाला पुष्कळ शब्द आहेत. त्यातला ‘शर’ हा मला सगळ्यांत बोलका वाटतो. शर म्हणजे बाण, आणि शर म्हणजे एक गवतही. उसाच्या कुळातलं, नदीकाठी माणसाच्या दुप्पट उंचीनं वाढणारं. हिंदीत त्याला सरकंडा म्हणतात. बाणाला नाव मिळालं ते त्याच्या काडीवरून. कार्तिकेयाचा जन्म शरांच्या वनातला, म्हणून तो शरजन्मा. कृप आणि कृपी शरांच्या बेटात जन्मले, आणि त्यांच्या बापाचं नाव शरद्वान. धनुर्विद्येच्या आचार्याचा जन्म बाणांच्या काड्यांतच घालणाऱ्या कथाकाराला दाद द्यायला हवी. भीष्मांची शरशय्या आपण बाणांची समजतो आणि ते बरोबरच आहे. पण शब्द नुसता ऐकला, तर ती गवताचीही शेज होते. मराठीत आपण आजारी माणूस ‘शरपंजरी पडला’ म्हणतो, तेव्हा यातलं काहीच मनात नसतं.

गवताची काडी का? तर तिचं बळ कडेला असतं. आत पोकळ किंवा भेंडासारखा मऊ गर, बाहेर कडक, चिवट साल. सायकलची नळी पोकळ असूनही का वाकत नाही, त्याचंच हे उत्तर आहे. वजन कमी, ताठपणा भरपूर. शिवाय निसर्गानंच ती गोल आणि जवळपास सरळ घडवून दिलेली. रंधा मारायला नको. विस्तवावर शेकायची आणि हातानं सरळ करायची. जपानात बाणांसाठी याच कारणानं ‘यादाके’ नावाचा लांब पेरांचा बांबू वापरतात आणि तो असाच शेकून सरळ करतात. गवताच्या काडीचं दुखणं एकच, ती उभी चिरते. म्हणून जिथं टोक बसवायचं आणि जिथं दोरीची खाच पाडायची, त्या दोन्ही ठिकाणी टणक लाकडाचा तुकडा घालतात किंवा ताताचा वेढा देतात. लिहायचा बोरूही अशाच गवताच्या काडीचा. बोरूबहाद्दर आणि धनुर्धर यांचा कच्चा माल एकाच पाणथळीतून यायचा, ही गोष्ट आमच्या व्यवसायाला जरा धीर देणारी आहे.

परक्यांच्याही हे लक्षात आलं होतं. ख्रिस्तपूर्व ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सिस ग्रीसवर चालून गेला, तेव्हा त्याच्या फौजेत हिंदी सैनिक होते. हिरोडोटस त्यांचं वर्णन करतो ते असं: अंगात कापसाचे कपडे, वेताबांबूची धनुष्यं, तसेच बाण, आणि बाणांना लोखंडी टोकं. ॲरियन या लेखकानं अलेक्झांडरच्या सोबत्यांच्या वृत्तांतावरून लिहिलं, की हिंदी धनुष्य माणसाच्या उंचीचं असतं, ते जमिनीवर टेकवून डाव्या पायानं रेटतात, बाण तीन हातांहून थोडाच कमी असतो, आणि त्याच्यापुढं ढाल टिकत नाही आणि चिलखतही टिकत नाही. तीन हातांचा बाण म्हणजे जवळजवळ साडेचार फूट. एवढी लांब काडी लाकडाची केली असती, तर वजनानंच पडली असती. ती बांबूची किंवा बोरूचीच असणार. पण इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये पोरसाशी लढाई झाली, तेव्हा पावसानं जमीन निसरडी झाली होती आणि धनुष्यं टेकवायला जागा मिळेना, असं कर्टियस सांगतो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हा विषय सरकारी खात्याच्या कोरडेपणानं येतो, आणि म्हणूनच त्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. हा ग्रंथ १९०९ मध्ये म्हैसूरच्या शामशास्त्रींनी प्रथम छापला. पुढे आपल्या मुंबई विद्यापीठानं १९६० ते १९६५ या काळात र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती काढली. त्यात रानातल्या मालावर ‘कुप्याध्यक्ष’ नावाचा अधिकारी नेमलेला आहे. टणक झाडांचा वर्ग वेगळा, बांबूंचा वेगळा, वेलींचा वेगळा. आयुधागाराच्या प्रकरणात बाण कशाचे, तर वेणू म्हणजे बांबू, शर म्हणजे आपलं ते गवत, शलाका म्हणजे लाकडाची कांब, आणि नाराच म्हणजे सबंध लोखंडाचा. टोकं लोखंडाची, हाडाची किंवा लाकडाची. धनुष्याच्या दोऱ्यांची यादीही आहे. तीत मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांच्याबरोबर वेणूही येतो. बांबूची दोरी! वाचताना ही लेखनिकाची चूक वाटावी. पण सातपुड्यातल्या भिल्लांच्या धनुष्याला बांबूच्या पातळ कामट्याचीच दोरी असते. ग्रंथातली नोंद आणि डोंगरातला व्यवहार असे एकमेकांना साक्ष देतात, तेव्हा इतिहास वाचणाऱ्याला बरं वाटतं.

काडी निवडावी कशी, याचे नियम शार्ङ्गधरपद्धती या चौदाव्या शतकातल्या संग्रहात सापडतात. पीटर पीटर्सन यांनी तो १८८८ मध्ये मुंबईत छापून काढला. त्यातल्या धनुर्वेदाच्या भागात शर कसा घ्यावा हे सांगितलं आहे. फार जाड नको, फार बारीक नको. वाईट जमिनीत उगवलेला नको. पेर अधू असलेला किंवा चिरलेला नको. पुरता पिकलेला, फिकट पिवळा झालेला, योग्य वेळी आणलेला घ्यावा. जाडी करंगळीएवढी, लांबी दोन हातांना एक मूठ कमी. जमिनीची अट मला फार महत्त्वाची वाटते. एकच गवत पाणथळीत भसाभस वाढून ठिसूळ होतं आणि दुसरीकडे हळू वाढून चिवट होतं, हे पाहिल्याशिवाय कुणी लिहिणार नाही. ‘योग्य वेळी’ यातही अनुभव आहे. आपल्या कोकणात आजही पावसाळ्यात बांबू तोडत नाहीत, आणि तोडायचा तो अंधाऱ्या पंधरवड्यात असं जुनी माणसं सांगतात. चंद्राचं काय ते असो. पण कोवळ्या बांबूत पिष्ट जास्त असतं आणि त्याला भुंगा लवकर लागतो, हे तर कुणीही सांगेल.

याच ग्रंथात बाणाचे तीन प्रकार आहेत. पुढं जाड तो स्त्री, मागं जाड तो पुरुष, आणि सगळीकडे सारखा तो नपुंसक. पहिला लांब पल्ल्याचा, दुसरा भेद करणारा, तिसरा लक्ष्यावर सराव करण्यासाठी. नावं आजच्या कानांना चमत्कारिक वाटतील, पण काडीच्या जाडीचं वाटप बदललं की बाणाचं काम बदलतं, ही त्यामागची जाण पक्की आहे.

इथून आपण इंग्लंडमध्ये जाणार आहोत, कारण लाकडाच्या निवडीवरून सर्वांत जास्त कागद तिथं खर्ची पडले आहेत. त्या थंड देशात बांबू नाही. तिथल्या तळ्याकाठच्या बोरूत त्यांच्या लांब धनुष्याचा हिसका सोसण्याचं बळ नाही. ते धनुष्य ओढायला शंभर पौंडांपासून पुढं, म्हणजे ४५ किलोंच्या वर जोर लागायचा. कित्येकदा त्याच्या दीडपटही. तेव्हा तिथं लाकडाशिवाय गत्यंतर नव्हतं.

आणि बाण लागायचे ते किती! इंग्लंडात चोवीस बाणांची एक जुडी असे. धनुर्धरानं मिनिटाला सहा बाण सोडले, तर जुडी चार मिनिटांत संपते. पाच हजार धनुर्धरांना एकेक जुडी दिली, तरी एक लाख वीस हजार बाण झाले. बाण करणाऱ्यांचा धंदाच एवढा मोठा होता, की १३७१ मध्ये लंडनच्या बाणकारांनी धनुष्य करणाऱ्यांपासून आपली संघटना वेगळी मागून घेतली. फ्लेचर हे इंग्रजी आडनाव या बाणकारांचंच.

१४१५ मध्ये पाचव्या हेन्रीनं एजिनकोर्टला फ्रेंचांचा पराभव केला तो धनुर्धरांच्या बळावर. पुढच्याच वर्षी, १४१६ मध्ये, कायदा झाला की ॲस्पेन या झाडाच्या लाकडाचे पॅटन करू नयेत. केले तर शंभर शिलिंग दंड. त्या काळी ही रक्कम गरीब कारागिराला उठवणारी होती. पॅटन म्हणजे चिखलात चालताना बुटांखाली बांधायच्या लाकडी खडावा. ॲस्पेन हे पॉप्लरच्या कुळातलं झाड. देठ चपटा असल्यानं त्याचं पान जराशा वाऱ्यानंही थरथरतं, आपल्या पिंपळासारखं. लाकूड पांढरं, हलकं, सरळ रेषांचं, रंध्याखाली लोण्यासारखं जाणारं. पॉप्लर म्हणजे काय ते आपल्याला काडेपेटीमुळे माहीत आहे. उत्तर भारतात काड्यांसाठी त्याची लागवड करतात. ज्या गुणांमुळे त्याच्या हजारो काड्या पटापट पडतात, त्याच गुणांमुळे ते बाणकारांना हवं होतं. आणि हलकं, न चिरणारं असल्यामुळे खडाववाल्यांनाही नेमकं तेच हवं होतं.

सरकारनं बाणांच्या बाजूनं कौल दिला. १४१७ मध्ये आणखी हुकूम निघाला की दक्षिणेकडच्या परगण्यांतून दर बदकामागं (तिकडचं मोठं बदक, हंसासारखं) पंखांची सहा पिसं गोळा करावीत. झाड सरकारजमा, पक्षी सरकारजमा. खडाववाल्यांनी दम धरला. जवळपास पन्नास वर्षांनी, १४६४ च्या सुमारास, त्यांनी अर्ज केला की खडावांना ॲस्पेनइतकं हलकं आणि चांगलं लाकूड दुसरं नाही. तेव्हा पार्लमेंटनं तडजोड काढली. जे ॲस्पेन बाणांच्या कामाचं नाही, ते खडावांना वापरावं. ‘कामाचं नाही’ हे ठरवणार कोण? त्यावर किती वाद झाले असतील आणि किती बाटल्या रिकाम्या झाल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी जे सांगितलं आहे, ते इथं आठवतं. सागवानासारखी झाडं लागतील ती परवानगीनं तोडावीत. पण आंबा-फणसाला हात लावू नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं जीर्ण झाड घ्यायचंच झालं, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. युद्धाला लाकूड इंग्रज राजालाही लागत होतं आणि मराठी राज्यालाही. फरक आहे तो रयतेला विचारण्यात.

आता रॉजर आस्कम. केंब्रिजचा ग्रीकचा विद्वान, पुढे राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक. धनुर्विद्येचा नादी. १५४५ मध्ये त्यानं ‘टॉक्सोफिलस’ हा ग्रंथ लिहिला, तोही लॅटिनमध्ये नाही, इंग्रजीत. एक धनुष्यप्रेमी आणि एक ग्रंथप्रेमी यांचा तो संवाद आहे. आठव्या हेन्रीला तो इतका आवडला, की त्यानं लेखकाला सालीना दहा पौंडांचं वेतन बांधून दिलं. या ग्रंथात आस्कम बाणांच्या पंधरा लाकडांची यादी देतो आणि एकेकाची हजेरी घेतो.

जड लाकडं एका बाजूला. त्यांचे बाण मढ्यासारखे, लंगडत जाणारे. दुसऱ्या बाजूला एल्डर, ॲस्पेन, विलोच्या जातीची फार हलकी किंवा दुबळी लाकडं. त्यांचे बाण भरकटतात, थरथरतात. मधली ती चांगली. बर्च, हॉर्नबीम, काही ओक, काही ॲश. पण तो लगेच बजावतो की सगळ्यांना एकच बाण चालणार नाही. जोरानं हिसडणाऱ्याला एक, अलगद सोडणाऱ्याला दुसरा. लाकूड चांगलं मुरलेलं असावं आणि काडी रेषेबरहुकूम काढलेली असावी, हेही तो सांगतो. आपल्या शार्ङ्गधरासारखंच पुढं जाड, मागं जाड हे भेदही त्याच्याकडे आहेत. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलेलं असणं शक्य नव्हतं.

त्याच्या यादीतल्या जड लाकडांची नावं वाचली की वेगळीच गंमत कळते. त्यात ‘ब्राझील’ आहे. हे देशाचं नाव नव्हे, लाल रंग देणाऱ्या लाकडाचं. अमेरिका खंडाचा पत्ता लागण्याआधी युरोपात हे लाकूड पूर्वेकडून जायचं. आपण त्याला पतंग म्हणतो. रंगाऱ्यांना आणि वैद्यांना ते चांगलं परिचयाचं आहे. पुढे तसंच लाल लाकूड दक्षिण अमेरिकेत सापडलं आणि त्यावरून त्या देशाला नाव पडलं. यादीत आणखी एक आहे ‘शुगरचेस्ट’. साखर ज्या लाकडी पेट्यांतून परदेशाहून यायची, त्या फोडून मिळालेलं ते लाकूड. म्हणजे व्यापाराच्या रिकाम्या खोक्यांचेही बाण होत होते. ब्राझीलसारखं जड लाकूड सबंध बाणाला नको, पण पुढच्या टोकाशी त्याचा सांधा द्यावा, असं आस्कम सुचवतो. पाच हजार वर्षांपूर्वीच्या ओत्झीनं टणक लाकडाचा तुकडा जोडला होता, तीच युक्ती.

आणि मग तो तक्रार करतो. हल्ली युद्धाचे बाण ॲस्पेनचे करतात, ते ॲशचे करायला हवेत. ॲश जाड असूनही चपळ जातं आणि वजनामुळे घावही मोठा करतं. ॲस्पेनला ते जमणार नाही. ॲश कसं लाकूड आहे, ते क्रिकेटवाल्यांना सांगायला नको. स्टंप त्याचेच करतात.

ही तक्रार बरोबर होती का? ते सांगायला बाण शिल्लक नव्हते. बाणाच्या नशिबी मोडणं, कुजणं किंवा जळणं. धनुष्यच मागं पडलं. १५९५ मध्ये इंग्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलनं फौजेला धनुष्य सोडून बंदूक घ्यायला सांगितलं आणि धनुर्विद्या हौसेपुरती उरली. हौशी लोकांची लाकडं वेगळी. विसाव्या शतकात अमेरिकेत पोर्ट ऑरफर्ड सीडर हे लाकूड बाणांसाठी सर्वमान्य झालं. हलकं, सरळ रेषांचं आणि सुवासिक. बाण मोडला की आल्यासारखा वास सुटतो. पण हे झाड ऑरेगन आणि कॅलिफोर्नियाच्या सरहद्दीवरच्या एका पट्ट्यातच नैसर्गिकरीत्या वाढतं. मुळं कुजवणारा एक रोग १९५० च्या दशकात त्या पट्ट्यात शिरला, चिखलातून, गाड्यांच्या चाकांतून पसरला आणि ओढ्याकाठची मोठमोठी झाडं वाळली. ॲल्युमिनियमचे बाण १९३९ पासूनच येऊ लागले होते, मागून कार्बनचे आले. ऑलिंपिकमध्ये आता लाकडी काडी दिसत नाही.

बाण शिल्लक नव्हते, असं मघाशी म्हटलं. एक साठा मात्र होता. आस्कमचा ग्रंथ ज्या वर्षी निघाला, त्याच वर्षी, १९ जुलै १५४५ या दिवशी, आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोज’ हे लढाऊ जहाज पोर्ट्समथजवळ फ्रेंच आरमाराशी लढताना राजाच्या डोळ्यांदेखत बुडालं. त्यावरचे बहुतेक सगळे लोक गेले. जहाजाची एक बाजू समुद्रतळाच्या गाळात रुतली, आणि त्या गाळात हवा शिरत नसल्यानं आतलं लाकूड टिकलं. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी जहाजाचा सांगाडा वर काढला. त्याआधी आणि नंतर पाणबुड्यांनी जे काही बाहेर आणलं, त्यात पेट्याच्या पेट्या भरून धनुष्यं होती, १७२, आणि साडेतीन हजारांच्या आसपास बाण. लोखंडी टोकं गंजून गेलेली, पिसं गेलेली. काड्या मात्र होत्या, लांबी साधारण तीस इंच. शार्ङ्गधराचे दोन हात वजा एक मूठ म्हणजे बत्तीसच्या आसपास. माणसाचा हात इथून तिथून सारखाच.

लाकूड सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. बहुतेक काड्या पॉप्लरच्या निघाल्या, म्हणजे ॲस्पेनच्या कुळातल्या. थोड्या बीच, ॲश, हेझल वगैरेंच्या. आस्कमनं ‘हल्ली’ म्हणून जे लिहिलं होतं, ते शब्दशः खरं होतं. शाई वाळते न वाळते तोच त्याचा पुरावा समुद्रात जाऊन बसला आणि ४३७ वर्षांनी वर आला.

त्याची वस्तुस्थिती खरी ठरली. त्याचा सल्ला बरोबर होता का, हा प्रश्न वेगळा आहे. मला वाटतं, एकट्या धनुर्धराच्या खांद्यावरून पाहिलं, तर आस्कम बरोबर होता. शस्त्रागाराच्या चोपडीतून पाहिलं, तर ॲस्पेन घेणारे कारकून बरोबर होते. ॲशची मागणी भाल्यांच्या दांड्यांना होती, गाड्यांच्या चाकांना होती, कुऱ्हाडींच्या दांड्यांना होती. ॲस्पेन लवकर वाढतं, लवकर रंधलं जातं, हलकं असल्यानं दूर जातं, आणि गाडीत त्याच्या जुड्या जास्त मावतात. साडेतीन हजार काड्यांत ॲशच्या मोजक्या का होईना सापडल्या. त्या जहाजावरचा एखादा जाणता धनुर्धर जुडीतून हात फिरवून त्याच आधी उचलत असेल. आज त्यातले बाण आणि धनुष्यं पोर्ट्समथच्या संग्रहालयात ठेवलेली आहेत, जहाजाच्या सांगाड्याशेजारीच.